मुळेकाकूंची जास्वंद आणि हिरवं स्टिकर

चहा आधी संपवून घ्या. मी हे सांगायला लागलो की कुणीतरी ठसकतं आणि मग बोल मला लागतो. आधीच लागलेल्या बोलांची माझ्याकडे कमी नाही.

आणि एक अट. मध्येच ‘तू? हे तू केलंस?’ असं विचारायचं नाही. हो, मीच केलं! अख्ख्या ग्वाल्हेरात ही चूक फक्त मराठी माणूसच करू शकला असता, आणि सरकारनं नेमका तोच शोधून, पिवळं जॅकेट चढवून, नेमक्या त्या दारात उभा केला होता.

तर मी शेतकी कॉलेज सोडलेला मुलगा. दुसऱ्या वर्षी कीटकांच्या पेपराला म्हणून घरातून निघालो, बेड़ई-जलेबी खाऊन परत आलो, तो पुन्हा कॉलेजात गेलोच नाही. तेव्हापासून लश्कर या आमच्या भागातल्या प्रत्येक मराठी म्हाताऱ्यासाठी मी सार्वजनिक नळ झालो. येता-जाता कुणीही पिळावा. ‘काय रे, मग आता पुढे काय?’ पुढे काय! यांचे पूर्वज घोड्यावर बसून दक्षिणेतून आले, एवढं सोडलं तर यांच्याकडे सांगायला स्वतःचं काही नाही. घोडा पूर्वजांचा, तलवार पूर्वजांची, यांची फक्त तोंडं. आणि भविष्य विचारणार माझं!

अशात शहरात पिठ्या आला.

पिठ्या म्हणजे पपईवरचा पिठ्या ढेकूण. बाहेरच्या देशातून आलेला पाहुणा. तांदळाच्या दाण्याहून बारीक, अंगावर मेणचट पांढरं पीठ. झाडावर त्यांची वस्ती झाली की वाटतं, कुणीतरी कापूस चिकटवून ठेवलाय. पपई, जास्वंद, सीताफळ, शहतूत, जे मिळेल त्याचा रस पितो आणि झाड उभ्या उभ्या वाळवतो. बिड़ला नगरच्या मागे एका बागेत तो सापडला आणि सरकार एकदम जागं झालं. माणसांसाठी कधी एवढं जागं झालेलं मी पाहिलेलं नाही.

लश्करपासून मुरारपर्यंतचा सगळा पट्टा बंद! रोप, फांदी, पान, फूल, काहीही जागचं हलवायचं नाही. नाक्यावर बॅरियर. ट्रकची चाकं धुवायची. नर्सऱ्या सील. घरोघर तपासणी. झाडं स्वच्छ असली तर दारावर हिरवं स्टिकर. कीड सापडली तर लाल, आणि मग झाड कापून, पोत्यात बांधून, जाळायचं. औषध मारायलाही बंदी, कारण पिठ्याला संपवणाऱ्या बारीक गांधीलमाश्या मुद्दाम सोडल्या होत्या, त्या मेल्या असत्या.

तपासणीला पोरं हवी होती. बाबांच्या ओळखीनं मला घेतलं. ज्या विषयाच्या पेपरातून पळालो, तोच विषय जॅकेट घालून माझ्यासमोर उभा!

पण मी मनापासून काम करत होतो, खोटं नाही सांगत. कारण होता पप्पू. पप्पू कुशवाह, शाळेपासूनचा दोस्त, मुरारला त्याची नर्सरी. पपईची रोपं पिशव्यांत तयार होऊन उभी. श्रावणात गेली तर गेली, नाहीतर पिशवीतच लांबून वाकडी होतात आणि मग फुकटही कुणी नेत नाही. नर्सरीला सील. पट्ट्यातलं शेवटचं घर हिरवं होईपर्यंत एकही रोप हलणार नव्हतं.

‘‘भाई, पूरे साल की मेहनत खड़ी है,’’ पप्पू रोज म्हणायचा. ‘‘बस एक बार ट्रक निकल जाए.’’

‘‘निकलेगा,’’ मी म्हणायचो. ‘‘मैं हूँ ना.’’

हे वाक्य लक्षात ठेवा. मी विसरायचा प्रयत्न करून राहिलोय.

माझ्याबरोबर होता बंटी तोमर. धिप्पाड, मिशीवाला, कामाला चोख. दौलतगंजमध्ये एका मराठी घराच्या अंगणात तो शिरला आणि पुढच्या क्षणी बाहेर धावत आला. ‘‘मिल गया! मिल गया!’’ तुळशीवर पांढरे पुंजके! त्यानं दारावर लाल स्टिकर थापलं, फोन फिरवला, आमचे भदौरियासाहेब गाडी घेऊन हजर, मागे पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पोशाखातली चार माणसं, हातात कटर आणि पोतं. सगळी गल्ली गोळा. घरातल्या आजी ओल्या लुगड्यात तुळशीला आडव्या. ‘‘मेल्यांनो, हात लावाल तर बघा! सोवळ्यात आहे मी!’’

साहेबांनी चिमट्यानं पुंजका उचलला. भिंगातून पाहिला. उलटा केला. परत पाहिला.

मी पुढे झालो. आणि हसलो. असातसा नाही, पोट धरून, गल्लीला ऐकू जाईल असा. मग तोमरच्या खांद्यावर हात ठेवला आणि लहान मुलाला समजवावं तसं हळूच म्हणालो, ‘‘भैया... ये वस्त्र है.’’

कापसाची वस्त्रं! श्रावणात आपल्या बायका कापूस ओढून, पिळून, कुंकवाची बोटं लावून देवाला घालतात, तुळशीला घालतात, ती. तोमरला काय कल्पना? बिचारा मिशीच्या टोकापर्यंत लाल झाला. पुढे कित्येक दिवस ऑफिसात कुणीही आलं की मी त्याला ‘‘भैया, ये वस्त्र है’’ करून दाखवायचो. मला वाटायचं मी किती विनोदी आहे.

साहेबांना मात्र मी हिराच सापडलो. ‘‘देखो भई, आज से मराठी घर सब तुम्हारे. तुम लोगों की पूजा-पाठ तुम ही समझो.’’

झालो तज्ज्ञ! कॉलेज सोडलेला मुलगा एका पुंजक्यात मराठी वनस्पती-संस्कृतीचा अधिकृत जाणकार. दारोदार जाऊन सांगू लागलो, ‘‘काकू, वस्त्र घातलंय ना? असू दे, असू दे, मला कळतं.’’ म्हातारे चकित. मला पिळणारे नळाखाली आले होते.

आणि मग शेवटचं घर. मुळ्यांचं.

मुळेतात्या म्हणजे माझ्यावरच्या टीकेचं मुख्य कार्यालय. रिटायर्ड मास्तर. त्यांना सगळ्यातलं सगळं कळतं आणि ते सगळं चुकीचं असतं. पाऊस पडेल म्हणाले की मी छत्री घरी ठेवतो. मुळेकाकू मात्र लाख बाई. श्रावणभर अंगणातल्या प्रत्येक झाडाला वस्त्र घालायचा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. लहानपणी मी स्वतः त्यांच्या शेजारी बसून कापसातली सरकी काढलेली.

दार उघडलं काकूंनीच. उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये, गळ्यात झोळी.

‘‘अगबाई, काकू! हे काय?’’

‘‘न्हाणीघरात पडले रे. महिना होऊन गेला. आपलं आपण वेणीसुद्धा घालता येत नाही. ये, बस, चहा टाकते.’’ डाव्या हातानं त्यांनी चहा टाकला. कप हिंदकळत होता. मी तो धरला. बशी धरली. गाळणंही मीच धरलं! हे सगळं मी केलं. आठवून राहिलोय ना मी, अगदी नीट.

मग अंगणात गेलो. जास्वंद आपली उभी. लाल फुलं, आणि फांद्याफांद्यांवर, कळ्यांच्या देठांशी, पांढरे शुभ्र पुंजके. भरगच्च!

‘‘वा काकू! नेम चुकवला नाहीत हं.’’

काकू स्वयंपाकघरात, त्यांना ऐकू गेलं नाही. तात्या मात्र काठी टेकत बाहेर आले.

‘‘अरे तपासनीस, ते किडे आहेत ते.’’

‘‘तात्या, ती वस्त्रं आहेत.’’

‘‘किडे आहेत म्हणतो ना मी! हलतात!’’

‘‘वारा आहे.’’

‘‘आणि हे पान बघ, चिकट लागतंय.’’

‘‘पंचामृत सांडलं असेल. काकू रोज घालतात.’’

‘‘मुंग्या कशा लागल्यात मग?’’

‘‘तात्या! पंचामृतात साखर असते. साखरेला मुंग्या येतात. हे तरी शिकवलं असेल ना तुम्ही शाळेत?’’

‘‘खालची पानं काळी पडलीत ती?’’

‘‘उदबत्ती. निरांजन. काजळी. अजून काही?’’

‘‘आणि कुंकू कुठाय?’’ तात्या काठी आपटत म्हणाले. ‘‘वस्त्राला कुंकू असतं!’’

इथे मी अर्धा क्षण थांबलो. खोटं कशाला बोलू, थांबलो. पण समोर कोण होतं? तात्या! ज्यांनी माझ्या बापाला चार लोकांत सांगितलं होतं की हा पोरगा वाया गेला. त्यांचं एकदा खरं मानायचं? मी?

‘‘पावसानं धुऊन गेलं,’’ मी म्हणालो. ‘‘आणि तात्या, डोळे तपासून घ्या. लग्नापासून ज्या बाईची पूजा पाहिली, तिची वस्त्रं ओळखू येत नाहीत तुम्हाला. कमाल आहे! सरकारला नका शिकवू.’’

तात्या काठी आपटत आत गेले. मी दारावर हिरवं स्टिकर लावलं. तळहातानं दाबून, कोपरे सरळ करून लावलं. एवढं सरळ स्टिकर सगळ्या पट्ट्यात नव्हतं.

निघताना काकूंनी परडी हातात दिली. ‘‘आईला दे रे. गणपतीला लाल जास्वंद आवडते. देठासकटच तोडलीत तात्यांनी, त्यांना धड काही येत नाही.’’

आता नियम काय होता? पान, फूल, काही हलवायचं नाही. बॅरियरवर आम्हीच तो फलक बांधला होता. पण मी जॅकेटवाला! परडी स्कूटरच्या हँडलला अडकवली, बॅरियरवरच्या पोरांनी हात केला, मी हात केला, आणि थेट गेलो कुठे? घरी? नाही हो. आनंदाची बातमी पोटात मावत नव्हती. गेलो मुरारला, पप्पूच्या नर्सरीत!

‘‘पप्पू! आखिरी घर, हरा!’’

पप्पूनं मला उचलूनच घेतलं. परडी अडचण करत होती म्हणून मी ती बाजूला रोपांच्या मांडवात एका खिळ्याला अडकवली. अगदी पपयांच्या डोक्यावर. मग आम्ही कचोऱ्या खाल्ल्या, ट्रकवाल्याला फोन लावला, आणि मी परडी तिथेच विसरून घरी आलो. आईनं विचारलं, ‘‘काकूंनी काही दिलं नाही?’’ मी म्हटलं, ‘‘हात मोडलाय गं त्यांचा, त्या काय देणार?’’

हात मोडलाय! माझ्याच तोंडून! स्वतःच्याच आईला! तरीही डोक्यात काही पेटलं नाही.

पट्टा उघडायची मंजुरी वरून यायला पंधरवडा लागणार होता. ती येण्याआधी साहेब स्वतः काही हिरवी घरं अचानक पाहतात. फोन आला तेव्हा मी ऑफिसात नव्या पोरांना ‘‘भैया, ये वस्त्र है’’ करून दाखवत होतो.

‘‘मुळे जी के यहाँ आओ. अभी.’’

गेलो. जास्वंद कुठाय? जास्वंद नव्हतीच. म्हणजे होती, पण हिरवी नव्हती. वरपासून खालपर्यंत पांढरी, पानं आवळून गोळा झालेली. कंपाउंडच्या भिंतीवर पांढरं. तुळशीवर पांढरं. साहेब भिंग घेऊन उभे. तोमर शेजारी. तात्या खुर्चीत, काठीवर हनुवटी टेकून. नाटकाला लवकर येऊन पुढची जागा पकडलेल्या माणसासारखे!

‘‘ये क्या है?’’ साहेब.

‘‘सर, वस्त्र...’’ मी म्हणालो. आणि त्या पुंजक्यातून एक वस्त्र निघालं आणि फांदीवरून चालायला लागलं.

चालायला! मी बघतोय, ते चालतंय. मी काकूंकडे वळलो.

‘‘काकू,’’ मी कसाबसा म्हणालो, ‘‘तुम्ही... नेम... वस्त्रं...’’

काकूंनी प्लॅस्टरचा हात वर केला. आत्ताही माझ्या डोळ्यांपुढे तो तसाच आहे, पांढरा, भलामोठा, सरकारी खांबासारखा.

‘‘अरे राजा, या हातानं? यंदा एक वस्त्र केलं नाही मी. चुकला या वर्षी माझा नेम. तुला चहा दिला तेव्हा बघितलास ना हात?’’

बघितला होता. कप धरला होता. गाळणं धरलं होतं!

‘‘आणि पावसानं कुंकू धुतलं म्हणाला,’’ तात्या म्हणाले. हळू आवाजात, चवीचवीनं. ‘‘यंदा पाऊस कुठे पडला रे श्रावणात?’’

आकाश कोरडं ठणठणीत. गेले किती दिवस सगळं शहर पाऊस पाऊस करून राहिलं होतं. मीसुद्धा! मी खाली बघितलं. माझ्या बुटावरून एक मुंगी चालली होती. पंचामृतावरची.

बस, इथेच संपलं असतं तर मी हे तुम्हाला हसत सांगितलं असतं. पण साहेब म्हणाले, ‘‘यहाँ से कुछ बाहर तो नहीं गया? फूल-पत्ती?’’

परडी.

मी तसाच पळत सुटलो. स्कूटर काढली. मुरारपर्यंतचा रस्ता मला आठवत नाही. मागे साहेबांची गाडी येत होती, एवढं आरशात दिसलं. पप्पूच्या मांडवात परडी तिथेच होती, खिळ्याला. फुलं सुकून चिंध्या झालेली. आणि परडीखालच्या दोन वाफ्यांत पपईच्या कोवळ्या शेंड्यांवर पांढरे ठिपके.

पप्पू हसतच आला. ‘‘आ गया भाई! ट्रक को कल बुला लूँ?’’

माझ्या मागून प्लॅस्टिकचे पोशाख उतरले. पप्पूनं त्यांच्याकडे पाहिलं. मग परडीकडे. मग माझ्याकडे. त्यानं मला शिव्या द्याव्यात म्हणून मी वाट पाहत होतो. दिल्या नाहीत. त्या दोन वाफ्यांतली रोपं पोत्यात गेली आणि नर्सरीच्या मागे त्यांना आग लावली. ओली रोपं, धूर फार. पप्पू धुरात उभा राहिला, हलला नाही.

बाकीची रोपं वाचली, पण पुन्हा सील. ती तपासायची, थांबायचं, परत तपासायची. प्रत्येक वेळी स्वच्छ निघाली तरच सुटका. पप्पूनं साहेबांना एकच विनंती केली. ‘‘साहब, जाँच कोई भी करे. बस ये न करे.’’

दुसऱ्या दिवशी मुळेकाकू रिक्षा करून नर्सरीत आल्या. झोळीतला हात सांभाळत पप्पूला म्हणाल्या, ‘‘बेटा, मेरे फूलों से हुआ. ये हाथ ठीक होने दे, पहला वस्त्र तेरे ही पेड़ों को पहनाऊँगी.’’ मी कोपऱ्यात जमिनीकडे बघत उभा होतो. सगळं ऐकू आलं. आत काही गेलं नाही.

मला काढून टाकलं नाही. त्याहून वाईट केलं. जॅकेट काढून घेतलं आणि बॅरियरवर ट्रकची चाकं धुवायला पाण्याची नळी हातात दिली. माझ्यावर साहेब म्हणून कोण? तोमर! आणि हा माणूस मला एक शब्द बोलला नाही. ना टोमणा, ना काही. रोज सकाळी फक्त नळी द्यायचा. सांगतो तुम्हाला, त्यापेक्षा तात्या बरे.

पण मी सुधारलो होतो! शपथ घेतली होती, आता पांढरं काहीही दिसलं की कीड. आधी कीड, मग बाकी. कुणाच्या शर्टाला पीठ लागलेलं दिसलं तरी मी थबकायचो.

पप्पूच्या रोपांनी सगळ्या तपासण्या पार केल्या. मुळ्यांची जास्वंद नियमानं जाळून झाली होती आणि गांधीलमाश्यांनीही आपलं काम केलं होतं. रोपं थोडी लांबली होती, पण सरळ होती. एका सकाळी, श्रावण संपता संपता, पप्पूचा ट्रक बॅरियरवर आला. सील उघडलेलं, कागद पक्के, मागे हिरवीगार पपई आणि ड्रायव्हरच्या शेजारी पप्पू. त्या धुरानंतर पहिल्यांदाच तो माझ्याकडे बघून हसला. मी नळी घेऊन चाकांशी वाकलो. चाक धुतलं. मान वर केली.

फाळक्याशी पहिल्याच रोपावर पांढरा पुंजका!

पुढच्या रोपावर आणखी एक. त्याच्या पुढे आणखी.

‘‘रोको! रोको! गाड़ी बंद!’’ मी नळी टाकून ट्रकसमोर आडवा झालो. खरंच आडवा, रस्त्यावर, चिखलात. नळी सापासारखी उसळून सगळ्यांना भिजवत होती.

पप्पू खिडकीतून ओरडला, ‘‘अबे सुन तो, वो तो काकी ने सुबह...’’

‘‘तू चुप! तेरे भले के लिए कर रहा हूँ! साहब को बुलाओ! पूरा ट्रक वापस! कोई हाथ मत लगाना!’’

‘‘अरे भाई, मेरी बात...’’

‘‘एक पत्ता नहीं जाएगा यहाँ से!’’

मागे गाड्यांची रांग. हॉर्न. साहेब नाष्टा टाकून आले. मी चिखलातून उठलो, अंगावरून पाणी गळतंय, छाती मात्र एवढी फुगलेली. यावेळी वाचवला होता मी पप्पूला! सगळं पुसलं गेलं होतं. साहेबांनी चिमट्यानं पुंजका उचलला. भिंगातून पाहिला. उलटा केला. परत पाहिला. मग चिमटा माझ्या नाकासमोर धरला.

कापूस. छान ओढलेला, नीट पिळलेला. मध्ये कुंकवाची दोन बोटं, थोडी वाकडी, कारण हात नुकताच प्लॅस्टरमधून निघालेला.

नळीचं पाणी अजून वाहतच होतं.

आणि माझ्या खांद्यावर एक जड हात आला. मिशीत हसू दाबत, लहान मुलाला समजवावं तसं अगदी हळूच, तोमर म्हणाला,

‘‘भैया... ये वस्त्र है.’’